पीपेचा सुटलेला पडदा

१

गुरुवारी संध्याकाळी शिन्यी कामावरून घरी आली, तेव्हा बैठकीच्या खोलीतला खिडकीजवळचा स्टँड रिकामा होता. त्यावर एरवी तिची पीपा उभी असे. पीपा म्हणजे चिनी सतारच म्हणा, पण सतारीसारखी लांबलचक नव्हे. आकार नासपतीचा, मान आखूड, तारा चार, आणि वाजवायची ती मांडीवर उभी धरून. मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात हे नाव पहिल्यांदा ऐकल्यावर निम्म्या लोकांनी "पीप वाजवते की काय, रॉकेलचं?" असा विनोद केला होता, आणि तो फक्त आपल्यालाच सुचला असं त्यातल्या प्रत्येकाला वाटलं होतं.

मागच्या अंगणाचं दार नुसतं लोटलेलं होतं. लॅपटॉप जागेवर, चांदीची समई जागेवर. पीपेची टणक केससुद्धा कपाटात तशीच होती. कोणीतरी पीपा उघडीवाघडी उचलून नेली होती.

पोलिसांनी फोनवर तक्रारीचा एक नंबर दिला आणि भरपूर सहानुभूती दिली. मग शिन्यीने नीना कारखानीसला फोन केला.

नीनाने सगळी नोकरी एका विमा कंपनीत काढली होती. लोकांची बुडालेली स्वयंपाकघरं आणि जळालेले सोफे बघून खरं किती, खोटं किती हे ठरवायचं, हे तिचं काम. पुरात वाहून गेलेले बरेचसे गालिचे मुळात कधी घरात आलेलेच नसतात, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती. रिटायर झाल्यापासून तिला कोणी खोटं बोलून दाखवलं नव्हतं आणि त्याची तिला जरा चुटपुट लागली होती. ती गाडी काढून, ते न संपणारे राउंडअबाउट पार करून, लगेच आली.

शिन्यी रडत नव्हती. ती स्टँडशेजारी जमिनीवर बसली होती. तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. ही पीपा तिच्या वडिलांनी, लियांगबाबांनी, चीनमध्ये सुचौ गावच्या आपल्या छोट्या कारखान्यात स्वतःच्या हातांनी घडवली होती. ती पुरी झाली आणि त्यांची नजर गेली. आता सावल्या तेवढ्या दिसतात. म्हणजे त्यांच्या हातची ही शेवटची. शनिवारी सकाळी ते हीथ्रोला उतरणार होते, आणि रविवारी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ती लोकांसमोर वाजताना आयुष्यात पहिल्यांदा ऐकणार होते.

"नीनामावशी, ते आल्या आल्या हात पुढे करतील," शिन्यी म्हणाली. सुयशशी लग्न झाल्यापासून ती इंग्रजीत मराठी कालवून बोलायची. "त्यांच्या हातात मी काय देऊ?"

नीनाने खोलीभर नजर फिरवली. खिडकीसमोरच्या रगवर सोफ्याची एक उशी पडली होती, मध्ये चांगली दबलेली. शिन्यी म्हणाली की सकाळी ती उशी सोफ्यावर होती.

म्हणजे कोणीतरी निवांत बसलं होतं. घाईत आलेला चोर उशी घेऊन बसत नाही. घरात कोण येऊ शकतं, असं नीनाने विचारलं. एक किल्ली झाडांना पाणी घालण्यासाठी आसावरीताईंकडे असते, असं उत्तर आलं. ते ऐकून नीनाला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं, हे तिचं तिलाही कळलं.

२

आसावरी मंडळाची सतारवादक. दिवाळीच्या कार्यक्रमाची सांगता वर्षानुवर्षं तिच्या सतारीनेच होत आली होती. यंदा कमिटीने सांगतेचा मान शिन्यीला दिला आणि आसावरीला चहाच्या आधी बसवलं. आसावरी हसून "अरे वा, छानच" म्हणाली होती. ते हसू बघून नीनाने तेव्हाच मनाशी म्हटलं होतं की ही जळून खाक झाली आहे.

नीनाला ते ओळखू आलं, कारण त्या धंद्यात ती स्वतः मुरलेली होती. ती आणि आसावरी एकाच वर्षी इथे आल्या, एकाच रस्त्यावर राहिल्या. आसावरी वाजवायची आणि नीना खुर्च्या मांडायची. नीनाचा नवरा संजय, आता तो नाही, आसावरीची सतार सुरू झाली की डोळे मिटून बसायचा. नीनाच्या कुठल्याही गोष्टीला त्याने कधी डोळे मिटून दाद दिली नव्हती. यात आसावरीचा काय दोष, असं नीना स्वतःला समजावायची, आणि मग पुन्हा पहिल्यापासून जळायची.

पण कामाची शिस्त म्हणून शुक्रवारी सकाळी ती आधी मुरलीधरकडे गेली. मुरलीधर मंडळाचा तबलजी आणि साउंडवालाही तोच. गुरुवारी दुपारी तो शिन्यीच्या पोर्चमध्ये माइकचे स्टँड ठेवून गेला होता.

त्याचंही दुखणं होतं आणि ते बाहेर काढायला फार खणावं लागलं नाही. रिहर्सलला शिन्यीने जे वाजवलं त्याला ठेका असा नव्हताच. तो बिचारा तबला लावून, हात मांडीवर ठेवून, अख्ख्या हॉलसमोर बसून राहिला. शिवाय लोकांनी टाळ्या त्याच भागाला वाजवल्या. पीपा मोडावी असं कधी मनात आलं का, असं नीनाने सरळ विचारलं. रोज येतं, असं तो म्हणाला, आणि तिला चकली दिली.

"पण नीनाताई, मी आत गेलोच नाही," तो म्हणाला. "मी बेल वाजवली. कोणी उघडलं नाही. मला वाटलं शिन्यी प्रॅक्टिस करतेय, कशाला डिस्टर्ब करा. स्टँड ठेवले आणि तसाच वेम्बलीला निघालो."

"प्रॅक्टिस?"

"हो ना. आत पीपा वाजत होती. एकच जागा, पुन्हा पुन्हा. अडल्यासारखी."

शिन्यी त्या वेळी आपल्या फार्मसीत काउंटरमागे उभी होती.

३

नीना पुन्हा शिन्यीच्या घरी गेली. दार सुयशने उघडलं. शिन्यीचा नवरा, पुण्याचा, आयटीतला, शांत मुलगा. मंडळात तो पीपेची केस उचलून शिन्यीच्या मागून यायचा, आणि नवीन आलेले लोक त्याला पीपावालीचा नवरा म्हणायचे. तो हसायचा. गुरुवारी कुठे होतास, असं नीनाने त्याला विचारलं. सकाळी घरूनच काम केलं, दुपारी बर्मिंगहॅमच्या ऑफिसला गेलो आणि शिन्यीनंतर परतलो, असं त्याने सांगितलं. मागचं दार बहुतेक आपल्याकडूनच उघडं राहिलं असेल, असंही तो म्हणाला. त्याने चहा केला. 

आसावरीवर तुझा संशय आहे का, असं नीनाने त्याला विचारलं. तो पटकन नाही म्हणाला. त्या कशाला असं करतील, त्या मोठ्या कलावंत आहेत.

"मला गाण्यातलं काही कळत नाही, मावशी," तो म्हणाला. "पण गेल्या वर्षीसुद्धा त्यांनी मस्त वाजवलं होतं. दुसऱ्या भागात गंधार जरा चढा लागत होता, तेवढंच."

नीनाने मान डोलावली. तिचं लक्ष तेव्हा रगकडे होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने रगची कड उचलली. खाली बांबूची एक बारीक पट्टी पडली होती, बोटाएवढी, तळाला सुकलेला सरस लागलेली.

शिन्यीने ती हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. पीपेच्या पोटावर अशा पट्ट्यांची रांग असते. सतारीला जसे पडदे, तसेच हे पीपेचे. त्यांवर तार दाबली की वेगवेगळे स्वर निघतात. फक्त पीपेचे पडदे सरसाने पक्के चिकटवलेले असतात, जागचे हलत नाहीत.

"पीपा पडली असेल तेव्हा सुटला असेल," सुयश म्हणाला.

नीनाने पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. तिच्या एका लांब कडेवर नखाच्या बारीक खुणा होत्या. एक नव्हे, बऱ्याच, सगळ्या जवळजवळ आणि सगळ्या त्याच बाजूला. पडून सुटलेल्या वस्तूवर अशा खुणा नसतात. कोणीतरी अंगठा लावून ही पट्टी सरकवत होतं, धीराने, पुन्हा पुन्हा, ती सुटेपर्यंत.

आणि तसा अंगठा नीनाने हजारदा पाहिला होता. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की सतारिया अंगठ्याने पडदा वरखाली सरकवून स्वर जागेवर आणतो. आसावरीच्या बैठकीत, खुर्च्या मांडून झाल्यावर, नीनाने ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. गिटारवाला हे करणार नाही, तबलजी करणार नाही, चोर तर मुळीच नाही. ही चूक फक्त सतारीवर वाढलेल्या हाताची होती.

नीना उठली. आसावरीच्या घराकडे जाताना तिने गाडीत चक्क गुणगुणायला सुरुवात केली.

४

आसावरीने दार उघडलं, नीनाचा चेहरा पाहिला आणि तिला आत घेतलं. ती आपल्या उंच खुर्चीत बसली. नीनाने बांबूची पट्टी तिच्यासमोर टेबलावर ठेवली, उशी, किल्ली, दारामागचे सूर, सगळं ओळीने सांगितलं आणि गप्प बसली. विम्याच्या धंद्यात ही गप्प बसण्याची जागा महत्त्वाची असते.

आसावरीने पट्टी उलटसुलट करून पाहिली. नखाच्या खुणांवरून तिने आपला अंगठा हळूच फिरवला.

"सतारीचाच हात आहे," ती म्हणाली. "तुझं तेवढं बरोबर आहे. अगं, हेवा मला वाटला, कशाला नाकारू? ती मुलगी वाजवते तेव्हा लोक श्वास धरून बसतात. माझ्यासाठी आता कोणी बसत नाही, माझ्या वेळी चहाच्या रांगा लागतात. तिची तार तुटावी असंही मनात आलं माझ्या. देवासमोर बसले असताना आलं." तिने पट्टी परत टेबलावर ठेवली. "वाजवणारा कुठे बसला होता म्हणालीस?"

"उशीवर. रगवर, खाली."

 आसावरी चहा टाकायला उठली. उठली म्हणजे काय, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवून, पुढे झुकून, तोंड घट्ट मिटून, कशीबशी उभी राहिली. तिचे दोन्ही गुडघे बदललेले होते. जमिनीवर बसणं तिला कायमचं बंद होतं, सतारसुद्धा ती आता सोफ्याच्या कडेला बसून वाजवायची. हे नीनाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. हॉस्पिटलमध्ये तिला सोडायला नीनाच गेली होती आणि रोज खिचडीचा डबाही तिनेच नेला होता.

आणि हे सगळं तिला काल उशी बघताना आठवलं नव्हतं.

"तुला त्यात मी हवी होते ना, नीना?" आसावरीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"हो," नीना म्हणाली. 

आसावरीने चहा आणला.  मग विषय बदलावा म्हणून, किंवा नीनाला जरा सोडवावं म्हणून, आसावरी म्हणाली की लोकांना आपलं वाजवणं आवडतं पण ते कान देऊन ऐकत नाहीत. गेल्या वर्षी हॉलच्या हीटिंगने तिचा एक पडदा किंचित सरकला आणि दुसरा भाग संपेपर्यंत गंधार चढा लागत राहिला. ती स्टेजवर घामाघूम झाली. पण इतक्या लोकांत एकाच्याही ते लक्षात आलं नाही.

नीनाने कप खाली ठेवला.

"एकाच्या आलं होतं," ती म्हणाली.

५

शिन्यी आणि सुयश दोघंही घरी होते. नीनाने आल्या आल्या त्यांना समोर बसवलं आणि ज्या क्रमाने चुकली त्याच क्रमाने सगळं सांगितलं.

बसणारा जमिनीवर बसला होता. त्यातून आसावरी सुटते. बसणाऱ्याने पडदा सरकवायचा प्रयत्न केला. त्यातून मुरलीधर सुटतो, कारण त्याच्या हाताला ती सवय नाही. दाराबाहेर त्याने जे ऐकलं ती अडलेली एकच जागा होती, हवा तो स्वर लागत नसल्यामुळे अडलेली. उरतो तो माणूस जमिनीवर बसू शकतो, सतार शिकलेला आहे आणि गुरुवारी घरात होता; दुपारी तो नक्की किती वाजता निघाला हे त्याचं त्यालाच माहीत. शिवाय त्याचा कान असा की भरल्या हॉलमध्ये गंधार केसभर चढला तरी त्याला तो खुपतो, आणि तोच सांगतो की मला गाण्यातलं काही कळत नाही.

सुयश खाली मान घालून बसला होता. 

"पीपा ठीक आहे," तो म्हणाला. "मंडळाच्या स्टोअरमध्ये तंबोऱ्याच्या गवसणीत गुंडाळून ठेवलीय. तिथे ओल नाही. मी बघून ठेवली."

मग बाकीचं तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. पुण्यात तो लहानपणापासून सतार शिकला. पुढे त्याच्या गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं की हात आहे, कान आहे, सबुरी नाही, उद्यापासून येऊ नकोस. त्याने सतार माळ्यावर टाकली आणि हा विषय काढायचा नाही असं घरच्यांना बजावलं. शिन्यीला त्याने कधीच सांगितलं नाही. आणि मग तो रोज संध्याकाळी तिला वाजवताना ऐकत बसला.

"लोक मला विचारतात, तुला किती अभिमान वाटत असेल," तो म्हणाला. "मला हेवा वाटतो. रोज. तू टाळ्या घेतेस आणि मी केस उचलतो. गुरुवारी दुपारची मीटिंग रद्द झाली, म्हणून बर्मिंगहॅमला न जाता म्हटलं एकदा, एकदाच वाजवून बघू. कोमल गंधार मला हवा तसा उतरत नव्हता. अंगठा आपोआप गेला. पडदा सुटला तेव्हा मी घाबरलो. चिकटवता आला असता. पण मग मनात आलं की रविवारी ही वाजली नाही तर नाही वाजली. आणि त्या विचाराने मला बरं वाटलं. म्हणून लपवली."

नीनाला ते बरं वाटणं ओळखीचं होतं. तिने शिन्यीकडे बघायचं टाळलं.

शिन्यीने पीपेबद्दल काही विचारलं नाही. आसावरीताईंवर आळ येताना तू चहा करत होतास, एवढंच ती म्हणाली. मग तिने विचारलं, "तू वाजवतोस? इतकी वर्षं मी याच घरात वाजवतेय, आणि तू वाजवतोस?"

सुयश आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"उद्या बाबांना तू सांगायचं," ती उठत म्हणाली. "मी ट्रान्सलेट करीन. एकही शब्द गाळणार नाही."

६

लियांगबाबा बुटके, ताठ, आणि प्रवासाने चुरगळलेल्या कोटात होते. कोट काढायच्या आधीच त्यांनी हात पुढे केले. शिन्यीने पीपा त्यांच्या मांडीवर ठेवली. नीना दाराशी उभी होती. खरं तर तिला जायचं होतं, पण शिन्यीने तिला थांबवून घेतलं होतं. आसावरीही आली होती. तिला उंच खुर्ची सुयशने आणून दिली, आणि तिची माफी त्याने आधीच, दारातच, मागितली होती. आसावरीने त्याला फक्त गुरुजींचं नाव विचारलं होतं.

म्हाताऱ्याची बोटं पडद्यांवरून खाली उतरत गेली आणि मोकळ्या जागेशी थांबली. त्यांनी काहीतरी विचारलं. शिन्यीने सुयशकडे पाहिलं.

सुयशने सगळं सांगितलं. स्वतःला सोडवणारा एकही शब्द त्याने वापरला नाही, आणि शिन्यीने ते सगळं तसंच, त्याच क्रमाने, चिनी भाषेत आपल्या बापाच्या कानावर घातलं. हेव्याशी आल्यावरही तिने तो शब्द गाळला नाही.

 मग लियांगबाबांनी हात हवेत फिरवून सुयशचा हात शोधला, त्याला आपल्याजवळ जमिनीवर बसवलं आणि त्याचं बोट शेजारच्या, शाबूत पडद्यावरच्या तारेवर ठेवलं. तुला कुठला स्वर हवा होता, असं त्यांनी विचारलं. सुयशने तो हलकेच गाऊन दाखवला. म्हाताऱ्याने त्याच्या बोटावर आपलं बोट दाबलं, पडदा तिथेच ठेवून नुसती तार आडवी ढकलली, दुसऱ्या हाताने ती छेडली आणि हळूहळू सोडली. स्वर वरून घसरत घसरत खाली आला आणि सुयशला हवा होता तिथे थांबला. आसावरीच्या तोंडून नकळत "वा" निघून गेलं.

पीपेत पडदा हलवत नाहीत, तार हलवतात, असं शिन्यीने भाषांतर केलं. लियांगबाबांनी पुन्हा तसंच करून दाखवलं, सुयशच्या बोटावर बोट ठेवून. सुयशचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता.

शिन्यी मात्र त्या दोन बोटांकडे बघत होती. नीनाने तिचा चेहरा पाहिला आणि तिला आत काहीतरी लख्ख कळलं, कारण तो चेहरा तिने आरशात पुष्कळदा पाहिला होता.

"मला हे शाळेतल्या बाईंनी शिकवलं," शिन्यी मराठीत म्हणाली, कोणालाच उद्देशून नाही. "बाबा दिवसभर कारखान्यात असायचे. माझं बोट त्यांनी असं कधीच धरलं नाही."

काय म्हणालीस, असं लियांगबाबांनी विचारलं असावं. शिन्यी "काही नाही" म्हणाली. एवढं चिनी नीनालाही समजलं.

सुयशने तारेवरचं बोट काढून घेतलं. तो सरकून बाजूला झाला आणि त्याने शिन्यीचा हात धरून तिला आपल्या जागी, म्हाताऱ्याच्या पायाशी, बसवलं. त्याला चिनी शब्द मोजकेच येत होते. त्यातले दोन त्याने कसेबसे जुळवले आणि सासऱ्याला सांगितलं, "आधी ती."

लियांगबाबा थोडे गोंधळले. मग त्यांनी हात पुढे करून लेकीचं बोट शोधायला सुरुवात केली.